कच्चं लिंबू, कच्चं मडकं

डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा: कोहलबर्गच्या नैतिक विकासाच्या अवस्था लिहा. तीन स्तर, सहा अवस्था. मी घोकल्या, लिहिल्या, मार्क चांगले पडले. १९८८ साली नोकरीला लागलो तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत असं फिरत जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षं गेली. घोकलेलं समजायला जवळजवळ तेवढीच लागली. जे समजलं ते क्रमानं मांडतो. गावांची आणि लेकरांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

१. लहान लेकरू नुकसान मोजतं, हेतू मागून बघतं

दुपारची खिचडी. पाचवीतला एक मुलगा वाढू लागायला म्हणून बादली घेऊन येत होता. उंबऱ्याला ठेच लागली आणि अर्धी बादली व्हरांड्यात सांडली. त्याच पंगतीत दुसऱ्या एकानं शेजाऱ्याच्या ताटलीत चिमूटभर माती टाकली, मुद्दाम. जेवणं झाल्यावर मी पहिलीच्या लेकरांना विचारलं, जास्त चूक कुणाची? सगळी एका सुरात म्हणाली, "बादलीवाल्याची. लई सांडली." पाचवीत तोच प्रश्न विचारला तर एक मुलगी जवळजवळ चिडूनच बोलली, "गुर्जी, तो तर वाढायलाच आणत होता की!"

स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजेनं १९३२ च्या पुस्तकात हेच लिहून ठेवलंय. त्याच्या गोष्टीत एक मुलगा जेवायला येताना दार ढकलतो, दारामागं ठेवलेले १५ कप फुटतात. दुसरा आई घरात नसताना जॅम चोरायला जातो, त्यात एकच कप फुटतो. जास्त दोषी कोण? लहान मुलं बऱ्याचदा पंधरा कपांकडं बोट दाखवतात. वय वाढत जातं तसं "तो काय करायला गेला होता" हा प्रश्न त्यांना सुचू लागतो.

यात माझी एक गोष्ट सांगायची राहिली. प्रश्न विचारण्याआधी मी त्या बादलीवाल्याच्या पाठीत धपाटा घातला होता. म्हणजे पाचवीची पोरगी माझ्या पुढं होती आणि चाळिशीतला मी पहिलीच्या रांगेत बसलो होतो.

२. नियम पाळायला मैदान शिकवतं, फळा नाही

पियाजे जिनिव्हा आणि नूशातेलच्या पोरांसोबत गोट्या खेळत बसायचा आणि विचारायचा, हा नियम कुणी केला? तो बदलता येतो का? लहानगी सांगायची की नियम मोठ्यांनी किंवा देवानं केलाय, बदलता येत नाही. गंमत अशी की तीच लहानगी खेळताना नियम धाब्यावर बसवायची. दहा-अकरा वर्षांची पोरं उलटं सांगायची: सगळ्यांचं एकमत झालं तर बदलू. आणि नियम कटाक्षानं पाळायची तीच.

हे मी शाळेमागच्या लिंबाखाली बघितलं. मधल्या सुट्टीत निम्मा वेळ गोट्यांत आणि निम्मा भांडणात जायचा. "रेघेच्या पुढं पाय गेला", "रडीचा डाव खेळू नको", "आधी ठरलं नव्हतं". सुरुवातीला मी मध्ये पडून निकाल द्यायचो. मग लक्षात आलं की मी पडलो की भांडण मिटतं, पण नियम तयार होत नाही. नाही पडलो तर घटकाभर वाद होतो आणि पोरं नवा नियम काढून पुन्हा बसतात.

त्यातला सगळ्यात भारी नियम म्हणजे कच्चं लिंबू. काही ठिकाणी याला लिंबूटिंबू म्हणतात. पकडापकडीत कुणाचं तरी चार-पाच वर्षांचं भावंड काखोटीला आलेलं असतं. त्याला हाकलायचं नाही, खेळायला घ्यायचं. तो पळेल, ओरडेल, पण धरला तरी त्याच्यावर राज्य येणार नाही. हा नियम कुठल्या जीआरमध्ये नाही, कुठल्या गुरुजीनं शिकवलेला नाही. सगळ्यांना सारखा न्याय हवाच, पण ज्याची ताकद कमी त्याला सांभाळूनही घ्यायचं, हे अवघड गणित आठ-दहा वर्षांची पोरं रोज न चुकता सोडवतात.

आणि एक दिवस तोच लहानगा मैदानात पाय आपटून म्हणतो, "मी आता कच्चं लिंबू नाही. माझ्यावर राज्य येऊ द्या." सवलत नको, जबाबदारी द्या, असं माणूस स्वतःहून म्हणतो तो क्षण मी कितीदा तरी पाहिला. नैतिक विकास डोळ्यांनी बघायचा असेल तर तो तिथं दिसतो.

३. "देव बघतो" हे हत्यार जपून वापरा

चिंचेवर चढून चोरून चिंचा पाडताना एक पोरगा पडला, हात मोडला. वर्गात सगळ्यांचं म्हणणं एकच: चोरी केली म्हणून देवानं शिक्षा केली. पियाजेच्या गोष्टीत सफरचंद चोरून पळणाऱ्या मुलाच्या पायाखालची कुजकी फळी मोडते. लहान मुलांना वाटतं, चोरी केली नसती तर फळी मोडलीच नसती. जग स्वतःच न्याय करतं, असा त्या वयाचा भाव असतो.

मला ते फार सोयीचं पडायचं. "देव बघतो, पाप लागतं" म्हटलं की वर्ग चिडीचूप. अशी बरीच वर्षं गेली. मग एका जूनमध्ये, पेरणीच्या दिवसांत, चौथीतल्या एका मुलाचे वडील शेतात वीज पडून गेले. पंधरा दिवसांनी तो शाळेत आला. डबा खायच्या वेळी माझ्याजवळ येऊन त्यानं हळूच विचारलं, "गुर्जी, माझ्या बापानं काय पाप केलं होतं?"

त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं. वीज उंच झाडावर, उघड्या रानातल्या माणसावर का पडते ते मी त्याला समजावून सांगितलं. त्याच्या बापाचा काही गुन्हा नव्हता हे तीनदा सांगितलं. त्यानंतर मी वर्गात ते हत्यार काढलं नाही.

४. उत्तर ऐकू नका, "का" ऐका

लॉरेन्स कोहलबर्गनं १९५८ मध्ये शिकागोत १०, १३ आणि १६ वर्षांच्या ७२ मुलांना एक पेच घातला. हाइन्झची बायको मरणाला टेकलीय. औषध एकाच दुकानदाराकडं आहे आणि तो खर्चाच्या दहापट भाव मागतो. हाइन्झनं निम्मे पैसे जमवले, दुकानदार ऐकत नाही. त्यानं औषध चोरावं का?

मी हाइन्झला आपल्याकडं आणला, बायकोला नांदेडच्या दवाखान्यात टाकलं आणि सातवीच्या वर्गाला विचारलं. उत्तरं वहीत टिपून ठेवली होती. "चोरू नये, पोलीस धरतील." "चोरावं, बायको मेली तर भाकरी कोण टाकील?" "चोरावं, नाहीतर सासुरवाडीचे लोक काय म्हणतील?" "चोरू नये, सगळेच चोरायला लागले तर दुकानं कशी चालतील?" आणि मागच्या बाकावरचा, कधीच न बोलणारा एक जण: "गुर्जी, जिवापुढं भाव कशाचा? बायको नसती, अनोळखी बाई असती तरी चोरावंच."

घोकलेल्या अवस्था माझ्यापुढं पोरांच्या तोंडून उभ्या राहिल्या. शिक्षेची भीती, मग देवाणघेवाणीचा हिशोब. पुढं चांगलं म्हणवून घेण्याची धडपड, मग कायदा-सुव्यवस्था. आणि शेवटी कायद्याच्याही पलीकडचं तत्त्व. चोरावं की चोरू नये, यानं पायरी ठरत नाही. कारण काय दिलं, त्यानं ठरते. म्हणून "बरोबर" म्हणून पुढं जाणारा शिक्षक मुलाचं निम्मंच ऐकतो.

सहावी अवस्था प्रत्यक्षात इतकी कमी सापडली की पुढं गुण देण्याच्या पद्धतीतून कोहलबर्गच्या गटानं ती वगळली. बहुतेक मोठी माणसं मधल्या पायऱ्यांवर असतात. आमच्या भागात "लोक काय म्हणतील" या एका वाक्यावर लग्नं ठरतात, मोडतात, कर्जं काढली जातात. मीही एक कर्ज मुलीच्या लग्नात काढलंय.

५. ज्या उत्तराला मी भोपळा दिला ते उत्तर चांगलं होतं

त्याच वर्गात एका मुलीनं सांगितलं होतं, "चोरी कशाला? बायकोलाच दुकानदारापुढं नेऊन बसवा. त्याला दिसू द्या. नाहीतर गावात वर्गणी काढा, सुगीला फेडू." मी तिला म्हणालो, "प्रश्न समजला नाही तुला. चोरावं की नाही तेवढं सांग." ती खाली बसली, ती वर्षभर पुन्हा फारसं बोलली नाही.

पुढं कॅरल गिलिगनच्या १९८२ च्या पुस्तकाबद्दल वाचनात आलं. त्यात अकरा वर्षांची एमी जवळजवळ हेच बोलते: दुकानदाराशी नीट बोला, कर्ज काढा, काहीतरी मार्ग निघेल. जुन्या मोजपट्टीवर एमी खालच्या पायरीची ठरते. गिलिगन म्हणाली, मोजपट्टीच एकांगी आहे. कोहलबर्गचा तो पहिला अभ्यास फक्त मुलग्यांवर झाला होता. न्याय हा नीतीचा एक सूर, काळजी आणि नातं हा दुसरा. पुढच्या अभ्यासांत स्त्री-पुरुषांतला फरक तिला वाटला तेवढा मोठा निघाला नाही, पण दुसऱ्या सुराची दखल सगळ्यांना घ्यावी लागली. मला तर ते पटायलाच हवं होतं. कच्चं लिंबू काढणारी पोरं म्हणजे मुलगेच होते.

६. रीत आणि नीत लेकराला वेगळी कळते, घोळ आपण घालतो

एलियट ट्युरिएल या अभ्यासकाचं म्हणणं वाचून मी पहिलीत करून बघितलं. "मी सांगितलं तर उद्या गणवेश न घालता आलं तर चालेल का?" "चालेल!" "मी सांगितलं तर शेजारच्याला चिमटा काढला तर चालेल का?" थोडी शांतता. मग एक जण म्हणाला, "नाही. त्याला दुखंल ना." सहा वर्षांच्या लेकराला कळतं की गणवेश हा सांगण्यावर चालणारा नियम आहे, चिमटा तसा नाही.

अर्थात सगळीकडं ही रेघ इतकी सरळ नसते. रिचर्ड श्वेडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वरमध्ये विचारलं, तेव्हा वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलानं केस कापून कोंबडी खाणं हे तिथल्या लोकांना घोर पाप वाटलं. अमेरिकेतल्या लोकांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. सुतक पाळणाऱ्या आपल्या घरांनाही भुवनेश्वरचंच म्हणणं पटेल. पण एका शाळेत एक मुलगी मैत्रिणीच्या बाटलीतलं पाणी पीत नव्हती. विचारलं तर म्हणाली, "घरी सांगितलंय." का, ते तिला सांगता येईना. "दुखंल ना" असं कारण तिच्याजवळ नव्हतं, कारण तसं कारण नव्हतंच. आठवड्याभरात दोघी एकाच बाटलीला तोंड लावून पाणी प्यायल्या. मी काहीच केलं नाही, फक्त त्यांना एका बाकावर बसवलं.

आम्ही दरवर्षी सहल औंढा नागनाथला न्यायचो. तिथली आख्यायिका मी पोरांना देवळाच्या आवारातच सांगायचो. नामदेव येतात तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावतात. विसोबा म्हणतात, जिथं देव नाही तिथं माझे पाय ठेव बाबा. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथं पिंड उभी राहते. रीत कुठं संपते आणि तिच्या पोटातला अर्थ कुठं सुरू होतो, हे आपल्या मातीनं या अभ्यासकांच्या कितीतरी शतकं आधी सांगून ठेवलंय.

७. बोलणं आणि वागणं यांत एक नदी असते

अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे या दोघांनी हजारो शाळकरी मुलांना लबाडी करायची संधी देऊन बघितली. १९२८ मध्ये त्यांनी लिहिलं ते असं की प्रामाणिक मुलं आणि लबाड मुलं असे दोन गट पडतच नाहीत. एका ठिकाणी खरं वागणारं मूल दुसऱ्या ठिकाणी कॉपी करतं.

मुलांचं कशाला, माझंच सांगतो. एका शाळेत तांदूळ संपून आठवडा झाला होता. मागणी पाठवायला उशीर माझ्याकडूनच झाला होता. तेवढ्यात साहेब तपासणीला येणार असा निरोप आला. मी वर्गात गेलो आणि म्हणालो, "साहेबांनी विचारलं तर रोज खिचडी मिळते म्हणून सांगायचं." त्याच सकाळी परिपाठात खरं बोलण्यावर सुविचार झाला होता. फळ्यावर तो तसाच होता.

साहेबांनी विचारलं. पुढच्या बाकावरचा सहावीतला मुलगा ताडकन उठून म्हणाला, "रोज मिळते, साहेब." तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आठ दिवस झाले, नाही मिळाली."

मला लेखी खुलासा द्यावा लागला. तो मी खरा दिला. संध्याकाळी त्या मुलाला विचारलं, खोटं काहून बोललास? तो म्हणाला, "तुमची नोकरी गेली असती ना." मुलीला विचारलं, तुला भीती नाही वाटली? ती म्हणाली, "वाटली. पण माझा लहान भाऊ पहिलीत आहे. तो उपाशी राहतो."

या दोघांत वरच्या पायरीवर कोण? जोन मिलर आणि डेव्हिड बर्सॉफ यांनी १९९२ मध्ये मैसूरच्या आणि अमेरिकेच्या लोकांना एक पेच घातला होता. जिवलग मित्राच्या लग्नाची अंगठी वेळेवर पोचवायची तर दुसऱ्याचं रेल्वेचं तिकीट चोरावं लागतं. अमेरिकेतल्यांपेक्षा मैसूरचे लोक नात्याचं कर्तव्य मोठं मानणारे अधिक निघाले. माझा पुढच्या बाकावरचा मुलगा त्यांच्या पंगतीत बसेल. त्याला मी खोटारडा म्हणू शकलो नाही, कारण खोटं माझं होतं, त्यानं फक्त उचलून धरलं. त्या मुलीनं मात्र न्याय आणि माया दोन्ही एका वाक्यात बांधली. ज्या मुलीला मी भोपळा दिला होता ती मला त्या संध्याकाळी फार आठवली.

८. सुविचार कमी, न्यायनिवाडा जास्त

मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं मला अजून पाठ आहेत. श्रमप्रतिष्ठेपासून वक्तशीरपणापर्यंत सगळी पोरांनाही पाठ होती. पाठ असून काय झालं, ते वर आलंच आहे. कोहलबर्गचा विद्यार्थी मोशे ब्लाट यानं वर्गात पेच मांडून नुसती चर्चा घडवली, तरी काही महिन्यांत बऱ्याच मुलांचे विचार एक पायरी वर सरकले. आपल्याकडं शांतिलाल मुथ्था फाउंडेशननं २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या ५०० शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू केलं. तिथंही भर जोडीजोडीनं बोलण्यावर, गटानं ठरवण्यावर आहे.

मी शनिवारी शेवटच्या तासाला सभा भरवू लागलो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं छडी बंद केली होती, तिची जागा कशानं तरी भरायला हवी होती. नियम तीनच होते: ज्याच्यावर आरोप त्यानं आधी बोलायचं; शिक्षा सुचवणाऱ्यानं "का" ते सांगायचं; गुरुजी सगळ्यांत शेवटी. पहिल्या महिन्यात पोरं एकमेकांना भयंकर शिक्षा सुचवायची: पन्नास उठाबशा, शाळेतून नाव काढा. पुढं हळूहळू भाषा बदलली. एकानं नळाची तोटी तोडली तेव्हा सभेनं ठरवलं की नवी बसेपर्यंत त्यानं रांजण भरावा, आणि एकट्याला जड जाईल म्हणून दोघांनी सोबत जावं. ते सोबत जाणं मला कधीच सुचलं नसतं.

९. मोठ्यांचंही मडकं कच्चंच असतं

नरसी हे आमच्याच हिंगोली जिल्ह्यातलं गाव. नामदेवांचा जन्म १२७० चा मानतात आणि तो नरसीचा असं आमच्याकडं लहान पोरही सांगतं. त्यांची आणखी एक आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. गोरोबाकाका मडकी थापटायच्या थापटण्यानं संतांच्या डोक्यावर हलकेच मारून बघतात आणि नामदेवांपाशी येऊन सांगतात: हे मडकं कच्चं. तेव्हा नामदेव काही लेकरू नव्हते, देवाचे लाडके भक्त म्हणून नाव झालेले होते. अपमान वाटला, तरी ते औंढ्याला विसोबांकडं शिकायला गेले. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मर्म त्या जाण्यात आहे.

कोहलबर्गनं आपल्या शिकागोच्या मुलांना दर तीन-चार वर्षांनी गाठून २० वर्षं तेच पेच घातले. विशी-तिशीतही माणसांची कारणं बदलत होती, वर सरकत होती. म्हणजे भट्टी शाळेबरोबर विझत नाही.

मी ३४ वर्षं हातात थापटणं घेऊन लेकरांची डोकी तपासत होतो. थापटणं उलटं फिरवायचं सुचलं ते त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीमुळं.

एवढं सगळं वाचून एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. आज संध्याकाळी घरातल्या लेकराच्या हातून काही फुटलं, सांडलं, मोडलं, तर हात उचलण्याआधी त्याला विचारा: "तू काय करायला गेला होतास?" आणि ते काय सांगतं ते पूर्ण ऐका.